८५ वॅटचा स्वच्छ ॲम्प आणि ओव्हरड्राइव्हचा प्रश्न : नाशिकमधील एका बँडचे प्रकरण

गंगापूर रोडलगतच्या एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर सराव करणाऱ्या पाच जणांच्या बँडचे हे प्रकरण आहे. हा बँड मराठी गाणी रॉकच्या अंगाने वाजवतो. त्यांच्या दोन रचना नाशिक ढोलाच्या ठेक्यावर बांधलेल्या आहेत आणि त्या वेळी ढोलवादक प्रत्यक्ष मंचावर असतो. गिटारवादक अनेक वर्षे २० वॅटच्या लहान ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवत होता. पैसे साठवून त्याने मुंबईहून फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब ॲम्प वापरलेला आणला. एवढा नावाजलेला ॲम्प आल्यावर आवाज भरदार होईल ही त्याची अपेक्षा रास्तच होती, पण घडले उलटे. स्वच्छ सूर अतिशय सुंदर लागत. मात्र डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने दाबायची छोटी पेटी) दाबताच आवाज पातळ आणि कर्कश होई. ड्रम व बास सुरू झाले की गिटार त्यांच्यात हरवून जाई, आणि ती ऐकू यावी म्हणून ॲम्पचा आवाज वाढवला की त्या खोलीत उभे राहणेच अवघड होई. "पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतं," असे बासवादकाने मला सांगितले. ध्वनिव्यवस्थेच्या कामामुळे माझी त्यांची ओळख होती. मला बोलावले तेव्हा ॲम्प विकून टाकण्यापर्यंत गोष्ट आली होती आणि महाकवी कालिदास कलामंदिरातला कार्यक्रम तोंडावर आला होता.

माझे मत पहिल्या भेटीतच बनले आणि पुढे ते पक्के होत गेले. ॲम्प उत्तम होता, पेडलही नादुरुस्त नव्हते. बिघाड होता तो या दोहोंमधील कामाच्या वाटणीत. स्वच्छ सुरासाठी लावलेल्या ॲम्पच्या नॉबवर डिस्टॉर्शन चढवले जात होते आणि उणीव भासली की दर वेळी गेन, म्हणजे सिग्नल फाटेपर्यंत मोठा करण्याचे प्रमाण, वाढवला जात होता. गेन वाढवल्याने भरीवपणा येत नाही. तो येतो मधल्या स्वरपट्टीतून, आणि नेमकी तीच पट्टी या मांडणीत सर्वांत दुबळी होती.

ॲम्पचा स्वभाव

ट्विन रिव्हर्ब १९६३ मध्ये बाजारात आला. चार ६एल६ पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या), १२ इंची दोन स्पीकर आणि ८५ वॅटची ताकद हे त्याचे मूळ स्वरूप आहे. त्या काळी मंचावरील प्रत्येक वाद्याला माइक लावून त्याचा आवाज सभागृहभर पोहोचवण्याची रीत रुळलेली नव्हती, त्यामुळे वादकाच्या ॲम्पलाच सगळे सभागृह भरून काढावे लागे आणि तेही आवाज न फाटता. वीजपुरवठ्याच्या भागात रेक्टिफायर ट्यूबऐवजी (एसी विजेचे डीसीत रूपांतर करणाऱ्या नळीऐवजी) सिलिकॉन डायोड वापरल्यामुळे जोरात वाजवले तरी आतला व्होल्टेज फारसा खाली बसत नाही. लहान ट्यूब ॲम्पमध्ये जोराने वाजवल्यावर जो लवचिक, किंचित दबणारा प्रतिसाद मिळतो, तो या ॲम्पमध्ये म्हणूनच कमी आढळतो. थोडक्यात, स्वच्छपणा हेच त्याचे उद्दिष्ट आहे.

"ट्यूब तापवून नैसर्गिक ओव्हरड्राइव्ह काढता येणार नाही का?" हा गिटारवादकाचा पहिला प्रश्न होता. ओव्हरड्राइव्ह म्हणजे क्षमतेपलीकडे ढकलल्याने आवाजाला येणारा हलका फाटलेपणा. त्याचे उत्तर गणिताने देणे बरे. गिटारसाठी बनवलेले १२ इंची स्पीकर साधारणपणे १ वॅटला, १ मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल आवाज देतात. १ वॅटवरून ८५ वॅटवर गेले की त्यात सुमारे १९ डेसिबलची भर पडते. म्हणजे पॉवर ट्यूब खऱ्या अर्थाने फाटू लागतील तेव्हा १ मीटरवर ११५ डेसिबलच्याही वर आवाज असेल, आणि ही खोली होती जेमतेम १२ बाय १४ फुटांची. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या बंगल्यातील काकांनी "बाळांनो, नऊनंतर तेवढं बंद करत जा," असे आधीच प्रेमाने सांगून ठेवले होते. कायदा आणि शेजारधर्म बाजूला ठेवले, तरी कानांचे जे नुकसान होईल ते कायमचे असते.

ड्रमरने दोन पॉवर ट्यूब काढून ठेवण्याचा उपाय सुचवला. तो लोकप्रिय आहे, पण त्याने हाती फारसे लागत नाही. चारपैकी योग्य त्या दोन ट्यूब काढल्या आणि त्यानुसार स्पीकरची जोडणी बदलली, तर ताकद निम्मी होते. निम्मी ताकद म्हणजे आवाजात केवळ ३ डेसिबलची घट. कानाला आवाज निम्मा वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबलची घट लागते, म्हणजेच ताकद दहापट कमी करावी लागते. शिवाय या ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. ज्याला ते काम येत नाही त्याने मागची पाटी उघडू नये, हे मी तिथे स्पष्टपणे सांगितले.

ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसवण्याच्या अटेन्युएटरचाही विचार झाला. हे यंत्र जास्तीची ताकद उष्णतेत रूपांतरित करते आणि ट्यूब ॲम्पसाठी ते उपयोगी साधन आहे. मात्र ट्विनचे दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडलेले असल्याने त्याला ४ ओहमचा भार लागतो, त्यामुळे ८ किंवा १६ ओहमसाठी बनवलेले अटेन्युएटर चालत नाही. भार अजिबातच न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. तेवढा खर्च करूनही ज्या पॉवर विभागाची घडणच न फाटण्यासाठी झाली आहे, त्याच्याकडून फाटण्याचे काम करून घ्यायचे, हे मला पटले नाही. तेव्हा ओव्हरड्राइव्ह ॲम्पच्या आधी तयार करायचा आणि ॲम्पने तो प्रामाणिकपणे मोठा करायचा, असे ठरले.

वादकाचे कान आणि स्पीकरचे तोंड

पेडल बाजूला ठेवून मी गिटार थेट ॲम्पला जोडायला सांगितली. नॉब असे होते: व्हॉल्यूम अडीच, ट्रेबल ८, मिडल ३, बास ७, आणि ब्राइटचा खटका चालू. गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या चुंबकी पट्ट्यांची), आणि डिस्टॉर्शनसाठी तो सतत ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, पिकअप वापरत होता.

ब्राइटच्या खटक्याने व्हॉल्यूमच्या नॉबला एक लहान कॅपॅसिटर समांतर जोडला जातो आणि ट्रेबल त्या नॉबला वळसा घालून पुढे जाते. नॉब जितका खाली, तितका हा परिणाम ठळक. घरात आवाज कमी ठेवणाऱ्यालाच त्याची टोचणी सर्वांत जास्त बसते. त्यातच फेंडरच्या या टोन सर्किटमध्ये मधल्या पट्टीला, ढोबळमानाने ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास, मुळातच खळगा असतो. ट्रेबल आणि बास वर नेले की तो अधिक खोल होतो. स्वच्छ कॉर्डला हा खळगा शोभून दिसतो. त्यावर डिस्टॉर्शन चढवले की खाली घुमणारा खर्ज आणि वर किरकिरणारे ट्रेबल एवढेच उरते.

पण ट्रेबल ८ वर का नेले होते? याचे उत्तर मला ॲम्पच्या जागेत सापडले. ॲम्प जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवला होता आणि वादक त्याच्यापासून दोन-अडीच हात अंतरावर उभा राहत होता. गिटारचा स्पीकर उंच कंपनांचा आवाज अरुंद झोतासारखा समोर फेकतो, खालची कंपने मात्र सगळीकडे पसरतात. झोत वादकाच्या पोटऱ्यांवर आदळत होता आणि त्याच्या कानापर्यंत बोथट झालेला आवाज पोहोचत होता. तो बोथटपणा घालवण्यासाठी त्याने ट्रेबल वाढवले होते, आणि ते समोर खुर्चीवर बसलेल्यांच्या थेट कानांत जात होते.

ट्विनच्या दोन्ही बाजूंना मागे कलण्यासाठी धातूचे पाय असतात. मूळ मालकाने ते कधी वापरले नसावेत, कारण ते उघडताना बरीच धूळ पडली. आम्ही दोघांनी मिळून ॲम्प मागे कलवला, स्पीकरचे तोंड वादकाच्या चेहऱ्याकडे आले, आणि त्याच नॉबवर त्याने पहिला कॉर्ड वाजवताच त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. "दादा, हे असं वाजत होतं समोर?" एवढे बोलून त्याने स्वतःच ट्रेबल ४ वर आणले. एखाद्याला टोन समजावून सांगण्यापेक्षा त्याला आपला खरा टोन ऐकवणे अधिक उपयोगी पडते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

त्यानंतर ब्राइट बंद केला, बास ३ वर आणला आणि मिडल ८ वर नेला. स्वच्छ आवाज पूर्वीइतका चमकदार राहिला नाही आणि त्याला ते आवडलेही नाही. कीबोर्ड आणि बास एकत्र वाजू लागल्यावर मात्र गिटारची जागा मोकळी झाल्याचे सगळ्यांच्याच लक्षात आले.

गिटारमध्येही एक दुरुस्ती करावी लागली. स्ट्रॅटोकास्टरच्या पारंपरिक जोडणीत ब्रिजच्या पिकअपला टोनचा नॉब नसतो, आणि तोच सर्वांत तिखट पिकअप. पिकअप निवडण्याच्या खटक्यावर एक छोटी तार जोडून दुसरा टोन नॉब त्या पिकअपलाही लागू करता येतो. गिटार दुरुस्त करणाऱ्याने ते काम हातोहात करून दिले. तो नॉब ६ ते ७ वर ठेवला की पेडलपर्यंत पोहोचणारे ट्रेबलच आटोक्यात येते.

लाटेचे माथे कुठे आणि कसे कापायचे

त्याचे पेडल हार्ड क्लिपिंगचे होते. अशा पेडलमध्ये सिग्नल मोठा केल्यावर डायोडमार्फत तो सर्किटच्या ग्राउंडकडे वळवला जातो आणि लाटेचे माथे जवळजवळ सपाट कापले जातात. त्यातून उंच कंपनांची मोठी मालिका तयार होते. आधीच फाटू लागलेल्या आणि मधल्या पट्टीने भरलेल्या ॲम्पसमोर हे पेडल शोभते, कारण ॲम्प त्या कडा पुन्हा गोल करतो. स्वच्छ ॲम्प तसे काहीही करत नाही.

इथे मी ट्यूब स्क्रीमर जातीचे ओव्हरड्राइव्ह पेडल जोडायला दिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयबानेझने आणलेल्या या रचनेत डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे तिचा आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेत, बसवलेले असतात. त्यामुळे माथे गोलसर कापले जातात आणि मूळ स्वच्छ सिग्नलही त्यात मिसळलेला राहतो, म्हणून पिकचा आघात ऐकू येतो. त्याहून महत्त्वाचे असे की ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला ही रचना क्रमाने कमी फाडते आणि कापून झाल्यावर वरचे ट्रेबलही उतरवते. उरतो तो मधल्या पट्टीचा उंचवटा, आणि तो फेंडरच्या खळग्यात चपखल बसतो. स्टीव्ही रे वॉनने फेंडर ॲम्पसमोर हेच पेडल वापरले, यामागे हे कारण मला दिसते. कापण्याआधी खर्ज कमी असावा म्हणजे आवाज गढूळ होत नाही, आणि कापल्यानंतर ट्रेबल कमी करावे म्हणजे तो टोचत नाही. हा क्रम उलटला तर कोणतेही महागडे पेडल मदतीला येत नाही.

जुने पेडल आम्ही टाकून दिले नाही. ओव्हरड्राइव्ह आधी आणि डिस्टॉर्शन नंतर अशी जोडणी केली. ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह पाव भागावर आणि लेव्हल पाऊण भागावर ठेवली. डिस्टॉर्शनचा गेन, जो जवळजवळ टोकाला होता, तो एक तृतीयांशावर आणला. दोन पायऱ्यांत थोडे थोडे फाडलेले एकाच पायरीत पुष्कळ फाडण्यापेक्षा सुरेल लागते, कारण दुसऱ्या पेडलला आता खर्ज उतरवलेला आणि मधली पट्टी वर आलेला सिग्नल मिळतो. गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणला की हीच जोडणी बरीचशी स्वच्छ होते. त्यामुळे गाण्याच्या कडव्यात पेडल बंद करण्याची गरजच राहिली नाही.

शेवटी सात पट्ट्यांचे इक्वलायझर पेडल जोडले. त्यात ८०० हर्ट्झ चार-पाच डेसिबल वर, ३.२ किलोहर्ट्झ थोडे खाली आणि ६.४ किलोहर्ट्झ बरेच खाली ठेवले. याच्या जागेबद्दल गिटारवादकाचा आग्रह वेगळा होता. सोलोसाठी ते सर्वांत आधी हवे, असे त्याने कुठेतरी ऐकले होते. फाटण्याआधी सिग्नल वाढवला तर फाटणे वाढते, आवाजाची पातळी फारशी वाढत नाही. फाटून झाल्यावर वाढवला तर स्वच्छ ॲम्प तो जसाच्या तसा मोठा करतो आणि सोलो सगळ्यांच्या वर येतो. इतकी मोकळी क्षमता हाताशी असणे हा या ॲम्पचा मोठा गुण आहे, आणि लहान ॲम्पवर तो मिळत नाही.

कॉर्डचा प्रश्न

एवढे झाल्यावरही एका संथ, भक्तिपर रचनेत आवाज गढूळच राहिला. तिथे तो सहा तारांचे पूर्ण कॉर्ड वाजवत होता. दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर जन्माला येतात. ११० हर्ट्झचा ए आणि जवळपास १६५ हर्ट्झचा ई यांची वजाबाकी ५५ येते, म्हणजे तोच ए एक सप्तक खाली; म्हणून सा-प असा दोन सुरांचा कॉर्ड फाटल्यावर उलट भारदस्त होतो. त्यात गांधार मिसळला की गिटारच्या पडद्यांवर तो गणिती शुद्धतेपासून जरा ढळलेला असल्याने वजाबाकीचे सूर मूळ सुरांशी पुरते जुळत नाहीत आणि खाली घरघर सुरू होते. कोमल गांधाराचा कॉर्ड तर याहूनही लवकर बिघडतो. उपाय दोनच होते: गेन आणखी उतरवणे किंवा सूर कमी करणे. त्याने खालच्या तारांवर फक्त षड्ज-पंचम ठेवले आणि गांधार कीबोर्डकडे सोपवला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक फरक पाडणारा निर्णय हा होता, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

गेन उतरल्याचा आणखी एक लाभ झाला. सिंगल कॉइल पिकअपची वीजप्रवाहामुळे येणारी घूं पुष्कळ कमी झाली. जी उरली ती त्या खोलीतील अर्थिंग नीट करून घेतल्यावर आणि पेडलना वेगवेगळ्या आउटपुटचा पुरवठा दिल्यावर कमी झाली. घूं जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे वादक आजही भेटतात. ते जीवावर बेतू शकते.

सभागृहात

खोलीत जुळवलेला टोन सभागृहात तसाच राहत नाही. याचे एक कारण कानातच आहे. कमी आवाजात आपल्याला खर्ज आणि टोकाचे ट्रेबल कमी ऐकू येते, तर मोठ्या आवाजात ते तुलनेने अधिक जाणवते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडले. घरी हळू आवाजात गोड वाटलेला टोन मंचावर घुमतो आणि टोचतो. म्हणून कालिदास कलामंदिरात आवाजाच्या तपासणीसाठी लवकर पोहोचण्याचा आग्रह मी धरला, आणि प्रत्यक्ष वाजवण्याच्या पातळीवर सगळे नॉब पुन्हा तपासले. बास अडीचवर आला, ट्रेबल साडेतीनवर.

ध्वनिव्यवस्था सांभाळणारे गृहस्थ अनुभवी होते. ॲम्प पाहताच ते म्हणाले, "भाऊ, हा साडेतीनच्या वर नेऊ नका, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही." त्यांचे म्हणणे योग्यच होते. ॲम्प मंचाच्या कडेला, मागे कलवून आणि किंचित आत वळवून ठेवला, जेणेकरून झोत पहिल्या रांगेवर न पडता वादकाकडे जाईल. एसएम५७ माइक स्पीकरच्या मधल्या टोपीच्या नेमक्या कडेसमोर लावला. मध्यभागी लावला असता तर ट्रेबल पुन्हा उसळले असते, आणि शंकूच्या कडेला लावला असता तर आवाज बोथट झाला असता. एक-दोन बोटे इकडे-तिकडे सरकवल्याने होणारा बदल इक्वलायझरच्या कोणत्याही पट्टीपेक्षा मोठा असतो.

ढोलाच्या दोन रचनांमध्ये या सगळ्या कष्टांचे चीज झाले. नाशिक ढोल खर्जाचा मोठा प्रदेश व्यापतो, आणि टिपरूचा कडक आघात वरच्या पट्टीत वाजतो. जुन्या मांडणीत गिटार नेमकी या दोन्ही ठिकाणी ढोलाशी झगडत होती. आता ती मधोमध होती आणि ढोल पूर्ण जोरात वाजत असताना शेवटच्या रांगेतही तिचा प्रत्येक स्वर वेगळा ओळखू येत होता.

सोलोमध्ये लांब टिकणारा स्वर मात्र अजून मनासारखा मिळालेला नाही. गेन कमी ठेवला की स्वर लांबवणारा सिग्नलचा दबाव (कॉम्प्रेशन) कमी होतो, आणि स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा कंप देईल इतका ॲम्प मोठा करता येत नाही. सोलोपुरते दोन्ही पेडलचे गेन थोडे वाढवण्याचा प्रयोग सध्या चालू आहे. रात्रीचा सराव तो स्पीकरची नक्कल करणाऱ्या उपकरणातून हेडफोनवर करतो.

पुढे एका द्राक्षमळ्यावरील खुल्या कार्यक्रमात आयोजकांनी रोलँडचा जेसी-१२० दिला. १९७५ पासून बनत आलेला हा ट्रान्झिस्टर ॲम्प ट्विनपेक्षाही स्वच्छ आहे, आणि त्यात ट्यूबची थोडीही मवाळी नाही. पेडलची जोडणी तशीच ठेवून इक्वलायझरमधील ६.४ किलोहर्ट्झची पट्टी तळाला नेली आणि ३.२ ची आणखी उतरवली; ब्राइट बंद, मिडल ७. टोन बराचसा ट्विनच्या जवळ आला. उघड्यावर भिंतींचा आधार नसल्याने खर्ज विरून जातो, म्हणून बास ५ वर न्यावा लागला, आणि ढोल मंचावर आल्यावर तो पुन्हा ३ वर आणला.